लंडनला निघालेला फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे आणि सध्या पालथा पडलो आहे. पडेगावच्या पुढं एका मोकळ्या रानात मेंढपाळांचा मुक्काम आहे. तिथं कोकरांच्या आडोशावर मला ताणून बांधलं आहे. माझी पांढरी पाठ आभाळाकडं आणि छापील तोंड कोकरांकडं. वारा आला की मी फडफडतो. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

माझा जन्म क्रांती चौकाजवळच्या एका छपाईच्या दुकानात झाला. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर डावीकडं लंडनचं मोठं घड्याळ होतं आणि वर विमान होतं. खाली एका कोपऱ्यात 'कन्नडची सुकन्या कु. सारिका हिची उच्च शिक्षणासाठी लंडन येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा मजकूर होता. उरलेल्या जागेत शुभेच्छुक कडूबाकाका होते. ते सारिकाचे चुलते. त्यांचा फोटो सारिकाच्या फोटोपेक्षा मोठा होता, कारण बाजार समितीची निवडणूक जवळ आली होती.

यात एकच गोष्ट राहून गेली होती. सारिकानं अजून लंडन निवडलं नव्हतं.

सारिका गुरांची डॉक्टर. घराणं मेंढपाळांचं. वडील मुंजाबा साखर कारखान्यात चौकीदार झाले तेव्हा कुठं घर एका जागी थांबलं. आजी दगडाबाई मात्र अजूनही कळपामागं फिरत होती. सारिकाला दोन विद्यापीठांनी प्रवेश देऊ केला होता. लंडनला व्यवस्थापन, एका वर्षाचं. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा गावी मेंढ्यांचे रोग आणि कुरणं, दोन वर्षांचं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिला आपणहून विचारलं होतं की तुमच्याकडची मेंढी उन्हाळ्यात काय खाते. लंडनहून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. त्वरा करा, एवढंच येत होतं. सोमवारपर्यंत दोघांपैकी एकाला होकार कळवायचा होता.

परदेशी शिक्षणाच्या शहरातल्या सल्लागाराचं मत पक्कं होतं. "मेंढी लेके क्या करते मॅडम? मॅनेजमेंट लेव," तो म्हणाला होता. त्याच्या भिंतीवर लंडनचंच चित्र होतं. बहुधा दुसरं मिळालं नसावं.

कन्नडच्या बस स्टँडसमोर बांधण्याआधी मला काप मारले. मोठ्या फ्लेक्सला असे अर्धगोल काप मारतात, म्हणजे त्यातून वारा निघून जातो आणि चौकट मोडत नाही. कापणाऱ्याला घाई होती. एक काप नेमका सारिकाच्या तोंडावर आला. वारा सुटला की तिचं तोंड उघडायचं, मिटायचं. लोक म्हणायचे, पोरगी बोलतीय बघा. काय बोलतीय, हे कुणी विचारलं नाही.

आठवडाभर माझं फार कौतुक झालं. लोक माझ्यासोबत फोटो काढत. कडूबाकाका समोरच्या हॉटेलात बसून, मला कोण कोण वाचतं यावर नजर ठेवत. मुंजाबा ड्यूटी सुटल्यावर सायकल लावून बराच वेळ समोर उभे राहत आणि मग घरी जात.

शनिवारी सारिका काकांना माझ्याच खाली गाठून म्हणाली, "काका, मी अजून कुणालाच हो म्हणलं नाय."

"मग म्हण की आता. साऱ्या तालुक्यानं वाचलंय."

"मला त्या दुसरीकडं जायचंय. मेंढरांचं शिकायला."

काकांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या बापाची अर्धी उमर गेली मेंढरातून उठायला. अन् तू विमानात बसून परत मेंढरातच जाणार व्हय?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सारिका माझ्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडं बघत राहिली. ते वाऱ्यानं उघडमीट करत होतं. खाली उभ्या सारिकाचं मिटलेलंच राहिलं. त्या दुपारी तिनं घरी सांगून टाकलं की लंडनलाच जाते.

माणसं विद्यापीठ कशावरून निवडतात हे मी तोवर ऐकून होतो. कुणी मित्र जातो म्हणून जातं, कुणी मावसभाऊ तिथं आहे म्हणून जातं. माझ्यावरून निवडलेलं हे पहिलंच. मला अभिमान वाटायला हवा होता. मी नुसता फडफडत राहिलो.

संध्याकाळी वावटळ आली आणि काप असूनही चौकट मोडली. मुंजाबांनी मला घडी घालून घरी नेलं. कळपात नवी कोकरं झाली होती आणि मुक्कामावरची ताडपत्री फाटली होती. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन ते आईकडं निघाले तेव्हा एसटीत मी त्यांच्या काखेत होतो.

रानात मला उलगडताच दगडाबाईला घड्याळ दिसलं. तिथं काय शिकवतात, असं तिनं विचारलं.

"मॅनेजमेंट," सारिका म्हणाली.

"म्हंजी?"

"माणसं राखायची."

"अन् मेंढरांचं?"

"ते दुसरीकडं, आजी."

"मग ह्याच्यावर ते का नाय छापलं?"

माझं टोक धरलेला मुंजाबांचा हात थांबला. "तुला दुसरीकडं जायचं व्हतं व्हय? मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही रोज त्याच्यासमोर उभे राहायचा, दादा."

"मी तुझं तोंड बघत व्हतो," मुंजाबा म्हणाले. "लंडन कुणाला वाचायचंय."

मग त्यांनी मला पालथं घातलं आणि दोरी ओढून बांधलं.

आत गळू नये म्हणून दगडाबाई दाभण घेऊन माझे काप शिवायला बसली. ती फोटोतल्या सारिकाच्या तोंडाशी आली, तेव्हा सारिका म्हणाली, "एवढा राहू दे, आजी." मग तिनं माझ्याखाली कोकरांत बसून मोबाइलवर त्या न्यूझीलंडच्या बाईंना होकार कळवला. उन्हाळ्यात मेंढी काय खाते, ते मात्र आधी आजीला विचारून घेतलं.

कडूबाकाका दोन दिवस रुसले. मग त्यांनी नवा फ्लेक्स छापला. त्यावर विमान तेच आहे, काकांचा फोटो तेवढाच आहे, आणि लंडनच्या जागी नुसतं 'परदेश' आहे.

माझा तो उघडा काप अजून गळतो. पाऊस आला की कोकरं सरकून बसतात, तक्रार करत नाहीत.

मित्रांनो, मला जरूर छापा, माझं पोट त्यावरच आहे. फक्त छापण्याआधी, ज्याला जायचं आहे त्याला एकदा विचारा. आणि वाऱ्यासाठी काप मारावेच लागले, तर ते शुभेच्छुकांच्या तोंडावर मारा.