घासूनपुसून दिलेली नळी

दुसऱ्याचं भांडं उष्टं परत करू नये, हे मला माझ्या आईनं शिकवलं. आम्हां तंजावरकडच्यांत पोरींना चालायच्या आधी हे शिकवतात. पुण्यात शिकवतात की नाही देव जाणे, कारण तिथून मद्रासला आलेले आमचे डॉक्टर रत्नाकर त्या दिवशी माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी कुणाचा खूनच केलाय. म्हणून अस्कं सांगते, म्हणजे पुणेकरांच्या भाषेत सगळं. मग तुम्हीच ठरवा.

आमची सरोजा तेव्हा नऊ वर्षांची. मंगळवारी शाळेतून आली ती ताप घेऊनच. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, रसमभातसुद्धा नको म्हणाली. तोंड उघडून बघितलं तर घसा लालभडक आणि दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. मिऱ्यांचा काढा झाला, हळद-दूध झालं, शेजारच्या कामाक्षीमामींनी दृष्ट काढली. ताप काही हटेना. बुधवारी सकाळी तिला दवाखान्यात नेली.

"खोकला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!"

"नाक वाहतं?"

"मुळीच नाही," मी ताठ मानेनं म्हटलं. पोरीचं नाक कोरडं ठेवणं काय सोपं काम आहे?

"तेच मला आवडत नाही," ते म्हणाले. "सर्दीचा घसा असता तर खोकला असता, नाक गळलं असतं. हा अचानक आलेला ताप, हे ठिपके, जबड्याखाली या दुखऱ्या गाठी. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असणार. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे सांधे धरतो, हृदय धरतो."

"मग टोचा की सुई! बघत काय बसलात?"

"पेनिसिलिन उगाच टोचायचं नसतं, बाई. गेल्याच महिन्यात एका मुलाच्या अंगभर गांधी उठल्या. आधी तपासू."

काडीला कापूस गुंडाळून त्यांनी तो सरोजाच्या घशात फिरवला. तिला उमासा आला आणि तिनं लाथ मारली, तीही मला. ती काडी काचेच्या नळीत घालून तोंडाला बोळा लावला आणि नळी माझ्या हातात दिली. "एग्मोरच्या लॅबोरेटरीत आजच पोचवा. नळी त्यांची आहे, जपून न्या."

सरोजाला घरी निजवलं आणि नळी उजेडात धरली. शी! आत पोरीची लाळ काचेला चिकटलेली. असलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं? लोक काय म्हणतील, बाईला वळण नाही? चिंच घेतली, राख घेतली, नळी घासली. काडीचा कापूस उकळत्या पाण्यातून तीनदा काढला, उन्हात वाळवला, परत आत घातला. अशी लखलखीत नळी त्या लॅबोरेटरीनं जन्मात पाहिली नसेल. तिथल्या माणसानं चिठ्ठी चिकटवून ती ठेवून दिली. दोन शब्द बरे बोलला असता तर त्याची जीभ झडली असती का?

शुक्रवारी रिपोर्ट आला. काहीच वाढलं नाही. "बघितलंत?" मी आमच्या ह्यांना म्हटलं. हे म्हणजे पद्मनाभराव, हार्बरात कारकून. "माझ्या घरात जंतूची काय बिशाद!" डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

सोमवारी सरोजाला स्वतःची थुंकीही गिळवेना. मान सुजली, ताप एकशे तीन. डॉक्टर घरी आले, घसा बघितला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"रिपोर्ट तर साफ आहे. मग हे काय? घटसर्प तर नसेल ना?"

घटसर्प! आदल्या वर्षी आमच्याच गल्लीतली एक पोर चार दिवसांत गेली होती. सरोजा माझा पदर धरून पडली होती. मान खाली घालून मी म्हटलं, "डॉक्टर, ती नळी मी घासली होती."

"काय केलीत?"

"घासली. चिंचेनं. काडी उकळत्या पाण्यात बुडवली. परत द्यायची होती ना हो! उष्टी कशी देणार?"

दाराशी उभ्या ह्यांनी कपाळावर हात मारला. मला रडू फुटलं. शिव्या द्या, पण माझं लेकरू वाचवा, एवढंच मनात होतं.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "मला उष्टंच तर हवं होतं!"

पुन्हा काडी फिरवली, आणि मग लगेच सुई टोचली. गोळ्या दिल्या. "जंतू सापडला तर या दहा दिवस. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी बंद केल्यात तर मला तोंड दाखवू नका. नाही सापडला, तर घटसर्प समजून हिला हॉस्पिटलात हलवायचं. आणि हिचा पेला वेगळा ठेवा." पेला! आमच्याकडे पेला ओठाला लावतच नाहीत, पाणी वरून ओततात. हे पुणेकर मला शिकवणार! पण त्या दिवशी मी मुकाट्यानं हो म्हटलं.

नळी त्यांनी ह्यांच्या हातात द्यायला काढली. मी हिसकावून घेतली आणि होती तशी, चिकट, घाणेरडी, मुठीत धरून एग्मोरला नेली.

बुधवारी ताप उतरला होता, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सरोजाला कामाक्षीमामींजवळ ठेवून आम्ही दोघं रिपोर्टाला गेलो. ह्यांना आत यायचा धीर होईना, हे बसथांब्यावरच उभे राहिले. आतल्या माणसानं कागद वाचून दाखवला. घटसर्प नाही. स्ट्रेप्टोकॉकस, भरपूर.

मी धावत बाहेर आले. मराठीत बोलले असते तर निभावलं असतं, पण आनंदाच्या भरात तोंडात तमिळ आलं, आणि बसच्या अख्ख्या रांगेला कळेल असं मी ओरडले, "सापडले! आमच्या पोरीच्या घशात जंतू सापडले! भरपूर सापडले!"

रांग पांगली. थांब्यावरच्या बाकावरची तिघंही उठून लांब जाऊन उभी राहिली. त्या रिकाम्या बाकावर आम्ही बसलो. चारचौघांत माझ्याकडे मान वळवूनही न बघणाऱ्या ह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखे रडायला लागले.