न हललेल्या खुर्चीचा सिनेमा

लाल प्लास्टिकची खुर्ची शेवटी चालत चालत देवळात पोचली. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. गल्लीचं अधिकृत म्हणणं असं की खुर्ची जागची हललेलीच नाही, आणि गल्लीत राहायचं तर गल्लीचं ऐकावं लागतं.

तैवानमधल्या तैनान शहराच्या या गल्लीत गाडी लावायच्या जागेला मालक नसतो. ज्याची खुर्ची, त्याची जागा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले के काका रोज संध्याकाळी आपली व्हॅन आपल्या लाल खुर्चीला नाक टेकेपर्यंत आणत आणि तिथेच थांबत. खुर्चीला ते कधी हात लावत नसत. देवाला आणि खुर्चीला उगाच हात लावू नये, असं त्यांचं मत.

समोर वेन-छी राहायची. ताइपेईच्या एका जाहिरात स्टुडिओत काही वर्षं फोटोला फोटो जोडून टूथब्रश नाचवून ती कंटाळली आणि स्वतःचा सिनेमा करायला आईकडे परत आली. आई शेजाऱ्यांना सांगायची, "विश्रांती घेतेय ती." सिनेमात एक खुर्ची आपली आपण चालत देवळात जाते. बस. काका सकाळी व्हॅन घेऊन बाहेर पडले आणि उन्हाची तिरीप भिंतीवर आली, की वेन-छी खुर्ची बोटभर सरकवायची आणि फोटो घ्यायची. एकच. दुसरा घेईपर्यंत ऊन बदलायचं. वर्षभर राबून सिनेमा एका जांभईएवढा झाला होता.

खुर्ची बोटभर पुढे, तर व्हॅनही बोटभर पुढे. आणि एके दिवशी व्हॅनचं नाक ल्याव मावशींच्या दारात शिरलं. मावशी तिथे माशाची पेज विकतात.

"म्हाताऱ्या, आता पातेल्यात लावणार का गाडी?"

"मी त्या खुर्चीला जन्मात हात लावलेला नाही!"

"मग काय पाय फुटले तिला?"

तिथेच खात बसलेल्या वेन-छीने पेजेच्या वाडग्यात तोंड खुपसलं.

होउ नावाचे गल्लीप्रमुख धावत आले. निवडून आलेले असल्यामुळे ते कोणाचंच मन मोडत नसत. "एवढंच ना? खुर्ची उचलू, जुन्या जागी ठेवू, विषय संपला."

खुर्ची एका दमात मागे गेली, तर पडद्यावर ती मधेच गडप होणार आणि वर्ष मातीत. "थांबा!" वेन-छी ओरडली. आणि तिने पिशवीतून फ्लिपबुक काढलं. चाल तपासायला तिने सगळे फोटो छापून एका कडेला शिवले होते. अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडली की खुर्ची चालायची.

मावशींनी पानं सोडली. खुर्ची ठुमकत त्यांच्या दारात आली. "बघा, बघा कशी येतेय मेली!"

"आण इकडे." काकांनी ते जुन्या चिनी उभ्या ओळींच्या पुस्तकासारखं उघडलं, म्हणजे उलट्या बाजूने, शेवटच्या पानापासून. खुर्ची मावशींच्या दारातून अदबीने मागे मागे निघून गेली. काकांनी पान हळूच थोपटलं. "किती समजूतदार आहे हो. आणि हिच्यावर आळ घेता?"

प्रमुखांनी दोन्हीकडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग गरजेपेक्षा बरंच जास्त पाहिलं आणि मामला देवावर सोपवला.

देवळात कौलाचे दोन चंद्रकोरी ठोकळे असतात. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसतोय.

"काकांनी खुर्ची हलवली?" नकार.

"मावशींनी?" नकार.

"मग आपली आपण हलली?" देव हसला. पुन्हा विचारलं. पुन्हा हसला.

वेन-छीबद्दल कोणी विचारलंच नाही. फोटो काढणारं माणूस कशाला काय हलवेल?

"म्हणजे खुर्ची हललेली नाही," प्रमुखांनी निकाल दिला. "आणि न हललेली खुर्ची परत नेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. कोणी हात लावायचा नाही."

बाहेर येताच मावशींनी वेन-छीचा कान धरला. "उद्यापासून दोन बोटं सरकव. माझं दार लवकर मोकळं होऊ दे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहाटेपासून दारात बसलेली असते मी. आंधळी आहे का?"

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"म्हाताऱ्याशी भांडायला काहीतरी नको का?"

"पण दोन बोटं म्हणजे ती पळतेय असं वाटेल."

"पळू दे. देवाकडेच चाललीये ना?"

त्याच दिवशी प्रमुखांनी अर्ज सांगितला आणि वेन-छीने तो टाइप केला. शेवटची दोन कलमं प्रमुखांना आपण सांगितल्याचं आठवत नाही, पण त्यांनी सही केली.

"प्रति, मोजणी विभाग, महापालिका. विषय: गल्ली मूळ जागी सरकवून मिळणेबाबत. महोदय, खुर्ची स्थिर असल्याचे देवासमक्ष सिद्ध झाले आहे. सबब उर्वरित गल्ली सरकली आहे, हे उघड आहे. तरी दोन्ही बाजूंची घरे, देऊळ व पेजेचे पातेले पूर्ववत जागी नेण्यात यावे. सदर काम रोज दोन बोटे या गतीनेच करावे. तसेच ते सकाळचे ऊन भिंतीवर असताना व कामगार फोटोत न येता पार पाडावे, ही नम्र विनंती."