मशीनचा नारळ

घरात स्कूटर येवो की पिठाची गिरणी, आपल्याकडे तिला आधी हळदकुंकू आणि नारळ लागतो. तो नारळ कुणाच्या हातून फुटता कामा नये, हेही आपण पक्कं ठरवून ठेवलेलं असतं. होटगीच्या विजयमालाने सोलापुरातून लाकूड कापायचं करवत-मशीन आणलं, तेव्हा हेच आडवं आलं.

मशीन जुनं, पण छोटं आणि हलकं. इलाहीबक्ष मिस्त्रींच्या दुकानात तिने स्वतः दोरी ओढून, चेन ताणून ते पारखून घेतलं. वर दुपारभर तिथंच बसून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिन जुळवायलाही शिकली. नवरा गेल्यापासून घर शेळ्यांवर चाललं होतं. आता शाळेच्या वाटेवरची वेडी बाभूळ काढायचं काम ग्रामपंचायतीने तिला दिलं होतं. ते नीट झालं, तर गावातली पुढची कामंही तिलाच मिळणार होती.

सकाळी वाटेवर माणसं जमली. विजयमालाने नारळ उचलला, तोच दीर धनाजी पुढे झाला.

"वहिनी, तुमी बाजूला व्हा. पयला हात तुमचा नगं!"

ती खाली मान घालून मागे सरली. धनाजीची भक्ती मात्र सढळ. त्याने मशीनचं वरचं झाकण काढलं, आत मूठभर हळदकुंकू उधळलं, वर नारळाचं पाणी सोडलं. मग झाकण लावून दोरी ओढली. मशीन ढिम्म! पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. गडी घामाघूम झाला.

"बगा! विधवेनं आणल्यालं मशीन हाय, चालंल कसं?"

सरपंच दुसऱ्या कुणाला बोलावायची भाषा करू लागले. काम हातचं जाणार, या धास्तीने विजयमालाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सासू राजाबाई काठी टेकत पुढे आली. "गप रं धन्या! माझा ल्योक गेला, तवा हिचं हात बी त्याच्यासंगं गेलं व्हय? ह्याच हातांनी काढल्यालं दूद रोज पितूस की! तवा न्हाय व्हत अपशकुन? विजे, उगड ते मशीन."

विजयमालाने डोळे पुसले आणि झाकण काढलं. आतल्या एअर फिल्टरवर कुंकवाचा लालभडक लगदा!

"भावजी, मशीनला बी वारं लागतंय. तुमी त्याचं नाकच बुजवलंसा की!"

माणसं खो-खो हसली. तिने आतली जागा फडक्याने पुसली, प्लग कोरडा केला, मिस्त्रींनी दिलेला जादा फिल्टर बसवला आणि दोरी ओढली. मशीन खोकलं, सुरू झालं, पण अडखळू लागलं. तिने कान देऊन स्क्रू जरासा फिरवला. आता नुसतं चालू असताना चेन जागची हलेना, आणि खटका दाबताच आवाज सरळ चढला. पहिलं खोड धाडकन आडवं झालं!

दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. काटेरी फांद्या ओढून ओढून धनाजीचे हात ओरबाडले होते. तो घरी जाऊन दुसरा नारळ घेऊन आला.

"वहिनी, मगा चुकलं माजं. ह्यो तुमी फोडा."

विजयमालाने सगळ्यांदेखत दगडावर नारळ फोडला, आणि पहिलं खोबरं राजाबाईच्या हातावर ठेवलं.

वाचकहो, मशीनला विधवा-सधवा कळत नाही, त्याला फक्त जाणता हात कळतो. अपशकुन साचतो तो आपल्या मनात. तिथं बसवायला दुकानात फिल्टर मिळत नाही. ती सफाई आपली आपल्यालाच करावी लागते!