उतरल्यावरची सही

एमिल व्होंड्राला शिडीवर चढलं तरी गरगरायचं, आणि या बाबाने जन्मभर जमवलं काय, तर वैमानिकांच्या सह्या! नेब्रास्काच्या माळावरून पहिल्यांदा टपाल उडवून नेणारी ती वेडी माणसं, त्यांनी सही केलेले लिफाफे, पावत्या, नेमणुकीचे कागद. घरातली कपाटं त्यांनीच भरली होती. कोटाच्या खिशात कायम एक कोरा लिफाफा, न जाणो वाटेत कोणी भेटलं तर. स्वतः मात्र हा विमानात कधी बसला नव्हता.

त्याची सगळ्यात लाडकी सही वेस टेगलरची. ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी लिफाफ्याबाहेर पळू पाहणारी. वेस त्याचा जुना दोस्त, आणि त्या पिढीतला गावात उरलेला एकटाच वैमानिक. हवाई टपालाला पन्नास वर्षं झाली म्हणून गावाने समारंभ ठरवला होता. वेस जुन्या दुपंखी विमानातून टपालाची थैली शेजारच्या गावी पोचवणार होता. पुढच्या खुर्चीत थैली सांभाळत बसणार होती एमिलची मुलगी मार्लिस. ती पोस्टात कामाला, म्हणून तो मान तिचा.

समारंभाच्या सकाळी वेसच्या बायकोने, इर्माने, सही केलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा मैदानातल्या टेबलावर आणून ठेवला. एमिलने वरचा लिफाफा उचलला आणि त्याचं डोकंच फिरलं. सही मुंगीएवढी! पहिलं अक्षर त्यातल्या त्यात बरं, पुढची आक्रसत गेलेली, शेवटी नुसती खाली उतरणारी रेघ. खालचे लिफाफेही तसेच. आणि उड्डाणाच्या आधी सही? वेस आणि त्याचे साथीदार जमिनीवर उतरल्याशिवाय असल्या कागदावर पेन टेकवत नसत. आधी सही करणारा परत येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे एमिलला सांगितलं होतं खुद्द वेसने.

म्हणजे सह्या खोट्या. लिफाफा मुठीत धरून तो तणतणत हँगरमागे गेला. इर्मा तिथे कॉफीचे कप मांडत होती.

"इर्मा, नवऱ्याच्या नावाने सह्या ठोकायला काही वाटलं नाही तुला? लोक जपून ठेवणार आहेत हे!"

"मी?" इर्मा हसली. "माझं अक्षर बघितलंयस का कधी? कोंबडी नाचल्यासारखं." मग तिने लिफाफा पाहिला आणि तिचं हसू गेलं. "त्याच्याच आहेत रे. आठवडाभर स्वयंपाकघरात बसून करत होता. म्हणाला, उतरल्यावर चारचौघांसमोर जमायचं नाही."

"न जमायला काय झालं?"

"हात, एमिल. हिवाळ्यापासून थरथरतोय. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. म्हणतो, विमानाचा दांडा धरला की थांबतो."

"थांबतो?"

"तो म्हणतो." इर्माने कोरडेच हात एप्रनला पुसले. "डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. तू सांग ना त्याला. माझं नाही ऐकत."

आजवर खोटी सही निघाली की त्याची झोप उडायची. आज खरी निघाली आणि त्याचे हातपाय गार पडले. मार्लिस!

तो धावत सुटला. मैदानावर बँड वाजत होता. सारा गाव जमला होता. मार्लिस केव्हाच पुढच्या खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर गॉगल, मांडीवर थैली. मागे वेस, लग्नाला निघाल्यासारखा खुशीत. मेकॅनिक इंजिन सुरू करायला पुढच्या पंख्याला हात घालून इशाऱ्याची वाट बघत होता.

ओरडून सांगावं, तर वेसची सगळ्या गावासमोर शोभा. न सांगावं, तर... पुढचं त्याच्या मनात येईना. सहीतली ती खाली खाली जाणारी रेघ तेवढी डोळ्यांपुढे येत होती. तो धडपडत पंखावर चढला.

"मार्लिस, उतर. मी जाणार."

"तुम्ही? पपा, चर्चचा जिना चढताना डोळे मिटता तुम्ही!"

"उतर म्हणतो ना!"

तो असा कधी तिच्यावर खेकसला नव्हता. ती थैली घेऊन मुकाट उतरली. एमिल त्या अरुंद खुर्चीत कोंबून बसला. पट्टा बांधायला गेला, तर बक्कल लागेना, नुसतं खडखडायला लागलं. पुढे काय करायचं ते त्याने ठरवलंच नव्हतं. मुलगी खाली होती, एवढंच.

"इतकी वर्षं बोलावतोय," मागून वेस म्हणाला, "आणि आज आलास होय?"

एमिलला मान वळवता येईना.

"इर्मा भेटली वाटतं."

बक्कल खडखडत राहिलं.

"मला तोंडावर सांगायचं तुला धाडस नाही, आणि माझ्याबरोबर मरायला येऊन बसलास. गाढव आहेस, एमिल."

"हो," एमिल म्हणाला. "मला फार भीती वाटतेय रे."

बँडचं गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मलाही," वेस म्हणाला. मग त्याने मेकॅनिकला हाक मारली. "पंखा सोड. आज उडायचं नाही."

"का? इंजिनात बिघाड आहे?"

"इंजिन ठणठणीत आहे. वैमानिक बिघडलाय."

गर्दीत कोणीतरी हसलं. बाकीच्यांना काय करावं कळेना.

"खिशात कोरा लिफाफा असेल ना? आण इकडे," वेस म्हणाला.

एमिल जेमतेम मागे वळला. "आत्ता?"

"जमिनीवरच आहोत, म्हणजे उतरलोच ना आपण."

वेसने लिफाफा विमानाच्या कडेवर ठेवला. हात इतका हलत होता की कागद सरकू लागला. एमिलने पुढून दोन बोटांनी तो दाबून धरला. सारा गाव बघत असताना वेस एकेक अक्षर काढत राहिला, घाई न करता, शेवटच्या रेघेपर्यंत. खाली मार्लिस थैली छातीशी धरून उभी होती. तिची नजर त्या हातावर होती.