अंगठ्याखालचा आवाज

थोरल्याला सगळे भोंगा म्हणत. सामान हलवायच्या धंद्यात त्याच्या आवाजावर घरंच्या घरं खाली उतरली होती. जिन्यावरून कपाट न्यायचं तर धाकटा भाऊ खालच्या बाजूला, पाठमोरा; त्याला पायरी दिसत नाही. वरून थोरला ओरडणार, "पायरी! डावीकडे! थांब!" आणि धाकटा डोळे झाकून पाऊल टाकणार.

मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वास आता गळ्याच्या भोकातून. आत एक इवलीशी झडप बसवलेली. भोक अंगठ्याने दाबलं की आवाज फुटायचा. आवाज कसला, पत्रा घासल्यासारखं काहीतरी! एकदा तो न्हाणीघरात सराव करत होता, तर बाहेर भावजय धाकट्याला म्हणाली, "अहो, नळात काहीतरी अडकलंय." तेव्हापासून थोरल्याने तोंडाला कुलूप लावलं. त्याला बोलता येतं हे बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. कामावर त्याने ठोक्यांची भाषा काढली. कपाटावर एक ठोका म्हणजे पायरी, दोन म्हणजे थांब. तेवढ्यावर निभत होतं.

आजच्या कपाटाला आरसा होता, म्हणून त्यांनी त्याला जाड रजया गुंडाळल्या. चौथ्या मजल्यावरून निघाले आणि जिन्याच्या वळणाशी आले, तर तिथला कठडाच गायब. सकाळी होता, मधल्या वेळात वेल्डरने दुरुस्तीसाठी कापून नेला होता. धाकटा मात्र नेहमीसारखाच बिनघोर, पाठमोरा, त्या उघड्या कडेकडे सरकत होता.

थोरल्याला ती कड दिसली. त्याने दोन ठोके मारले. रजईत ते विरून गेले. त्याने पाय आपटला. धाकट्याला वाटलं, दादा पायरी उतरला. तो आणखी मागे सरकला.

बोलायला अंगठा हवा आणि दोन्ही हातांत कपाट. हात सोडला आणि तोल गेला, तर कपाट धाकट्याला घेऊनच खाली जाणार. न सोडावा, तर तो आपल्या पायांनी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर!

थोरल्याने खांदा कपाटाखाली घातला आणि एक हात सोडला. पाठीतून कळ गेली. अंगठा घामाने निसटला, नुसतीच हवा फुस्सकन निघाली. धाकट्याची टाच कडेला टेकली. थोरल्याने जीव खाऊन अंगठा पुन्हा दाबला.

"थांब!"

धाकटा जागच्या जागी थिजला. "दादा?"

"पुढे ये. माझ्याकडे. मागे बघू नको, बारक्या."

धाकटा एकेक पाऊल पुढे आला. कपाट पायरीवर टेकलं. मग त्याने मागे पाहिलं आणि भिंतीला धरून मटकन खाली बसला.

"बोलता येतं तुला? मग इतके दिवस का गप्प होतास?"

थोरल्याने अंगठा पुन्हा भोकावर आणला.

"वाटलं, हा आवाज ऐकून घाबरशील."

"घाबरलोच की! म्हणून तर थांबलो."