फायंडरची उजवी कड

नाक अर्धवट बाहेर काढून बसलेला एक कॅमेरा तुमच्याशी बोलतोय. माझं भिंग ना पुढे सरकतं, ना मागे जातं. बारामतीजवळच्या कऱ्हाटी गावातल्या एका घरात, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये, काचेच्या मागे मी असा अडकून पडलोय. पाहुण्यांची पोरं मला खेळणं समजतात आणि काचेवर बोटांचे ठसे उमटवून जातात.

मी डिजिटल कॅमेरा आहे. मला रोल लागत नाही. नव्व्याण्णव साली आमची जात इतकी नवी होती की बारामतीच्या फोटो स्टुडिओतसुद्धा लोक मला हातात घेऊन विचारायचे, "मग ह्यात फिल्लम कुठं घालायची?"

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर दोन काचा आहेत. समोरची मोठी, तिच्यातून मी फोटो घेतो. तिच्यावर कोपऱ्यात एक छोटी खिडकी आहे, तिला फायंडर म्हणतात. मागून तिला डोळा लावून माणूस बघतो. झूमचं बटण दाबलं की भिंग आणि फायंडर बरोबरच पुढेमागे होतात, कारण दोघं एकाच चाकाला बांधलेले आहेत. खोक्यात घालण्याआधी तिथल्या एका बाईने फायंडरला डोळा लावून त्याचे चारही कोपरे तपासले होते. चारही स्वच्छ होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर आळ आला तो याच खिडकीवरून.

मला विकत घेतलं विकीने. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि कंपनीने त्याला काही महिने सिंगापूरला पाठवलं होतं. येताना त्याने वडिलांसाठी मला आणलं. वडील बाजीराव, एसटीचे ड्रायव्हर. मुलं त्यांना तात्या म्हणायची आणि गाव बाजीराव ड्रायव्हर म्हणायचं. त्यांच्या हातून कधी अपघात झाला नव्हता. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांच्या खाकी शर्टावर चमकायचा.

"तात्या, मागचा स्क्रीन सारखा चालू ठेवू नका, सेल खातो," विकीने शिकवलं. "ह्या खिडकीतून बघायचं आणि बटण दाबायचं."

"म्हंजी आरशात बघून गाडी मागं घेतल्यागत," बाजीराव म्हणाले आणि मला उजव्या डोळ्याला लावलं.

अंगणात तिघं ओळीने उभे होते. विकी, मध्ये त्याची आई अक्काबाई आणि उजव्या टोकाला बहीण दिशा. दिशा बारामतीला कॉलेजात शिकत होती.

"दिशा कुठं गेली?" बाजीराव डोळा न काढता म्हणाले.

"अहो तात्या, हितंच तर हाय मी!"

"मग दिसंनास कशी? सरक आत. आणखी सरक."

ती सरकत सरकत आईच्या अंगावर गेली तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. फोटो स्क्रीनवर आला. तिघं डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर रेललेली आणि उजवीकडे नुसती मोकळी भिंत.

"अवं, गर्दीच्या एसटीत कोंबल्यागत कोंबलंय आमाला!" अक्काबाई म्हणाल्या. सगळे हसले. बाजीरावही हसले. "ह्येची खिडकीच बारीक हाय," ते म्हणाले.

मी चपापलो. माझ्या खिडकीत दिशा होती. सुरुवातीपासून होती.

बाजीरावांना माझा नाद लागला. ते मला रोज कामावर न्यायचे. बारामती-इंदापूर गाडीत त्यांच्या सीटमागच्या खुंटीला पिशवी लटकायची आणि तिच्यात डब्याशेजारी मी. गाडी थांबली की ते मला काढायचे. कंडक्टर भिमाचा फोटो, कपबशी हातात घेतलेल्या चहावाल्याचा फोटो. प्रत्येक फोटोत उजवीकडे नको तेवढी जागा सुटलेली. त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणी त्या खिडकीतून बघितलंही नाही.

मग माझा खरा बिघाड झाला. एकदा ते मला बंद न करता, भिंग बाहेर असतानाच पिशवीत टाकून गाडीवर चढले. पिशवीत भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी फुटली होती. दाण्याचं लाल फोलपट माझ्या भिंगाच्या कडेतून आत शिरलं आणि धक्क्याधक्क्याने खोल गेलं. पुढच्या वेळी मला चालू केलं तेव्हा आतली मोटार कण्हली, एक चाक करकरलं आणि मी जागच्या जागी थिजलो. फोटो निघत होता, पण झूम हलत नव्हता.

बाजीरावांनी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. विकीने सांगितलं, सेल काढून पुन्हा घाला. तोंड खाली करून हलकं फुंका. बोटांनी ओढू मात्र नका, चाकाचे दाते तुटतील. त्यांनी सगळं केलं. शेवटी ओढलंही.

"तसंच हाय रं. आन खिडकीतनंबी उजवी कड दिसत न्हाय."

"झूम अडकला की फायंडरही अडकतो, तात्या. एकाच चाकावर आहेत दोन्ही. मी आलो की बघतो."

विकीचं काही चुकलं नव्हतं. कुणीही शहाण्याने हेच सांगितलं असतं. पण त्या दिवसापासून माझ्या बिघाडाआड दुसरा बिघाड लपला. मी पिशवीच्या अंधारात लटकत होतो. माझ्या पुढे तो माणूस बसून गाडी हाकत होता आणि मागे सत्तर माणसं होती. मला एवढंच सांगायचं होतं की माझी काच साफ आहे. पण मला जीभ नाही.

ऊस तोडणीचे दिवस होते. शेळगावच्या अलीकडे गाडीपुढे ट्रॅक्टर चालला होता, मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या. बाजीरावांनी गिअर बदलल्याचं मला ऐकू आलं. गाडी उजवीकडे वळली आणि त्याच क्षणी एक हॉर्न केकाटला. ब्रेक लागला. मी डब्यावर आपटलो. बायका किंचाळल्या.

भिमा खाली उतरला आणि बऱ्याच वेळाने परत आला. "मोटारसायकलवाला हुता, बायकू मागं. चरात गेली गाडी. बाईचं कोपर फुटलंय. थोडक्यात वाचली."

"हॉर्न न्हाय वाजीवला त्यानं," बाजीराव म्हणाले.

"वाजवत हुता, बाजीराव. पार मागं मला ऐकू येत हुता. तुमच्या उजव्या अंगालाच आला हुता की. आरशात बघितलं न्हाय व्हय?"

"बघितलं की," बाजीराव हळूच म्हणाले.

त्यांनी बघितलं होतं हे खरं होतं. म्हणूनच ते घाबरले होते.

इंदापूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर त्यांनी मला बाहेर काढलं. सवयीने उजव्या डोळ्याला लावलं. मग खाली घेतलं. मग पहिल्यांदाच डाव्या डोळ्याला लावलं. माझ्या खिडकीत स्टँडचा फलक होता, पाण्याचा नळ होता आणि उजव्या कडेला पाटी घेऊन बसलेली पेरूवाली होती. त्यांनी परत मला उजव्या डोळ्याला लावलं. "पेरूवाली कुठं गेली?" ते पुटपुटले. ती कुठेही गेली नव्हती. पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

मला वाटलं, सुटलो. आता हा माणूस बोलेल.

ते बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत, स्वेटरच्या घडीखाली ठेवलं. "बिघडला. कुणी हात लावू नका," असं सांगितलं आणि झाकण लावलं.

पेटीतले दिवस कसे काढले ते विचारू नका. लोकरीचा वास आणि अंधार. पहाटे बाजीरावांच्या बुटांचा आवाज यायचा, दार वाजायचं आणि मी मनात म्हणायचो, आज नको, आज नका जाऊ. संध्याकाळी बूट परत आले की जीव भांड्यात पडायचा. तो माणूसही अशाच एका पेटीत कोंडला गेला होता. फरक एवढाच की त्याचं झाकण त्याने आतून ओढून धरलं होतं.

पेटी उघडली दिशाने. कॉलेजची सहल भिगवणला पक्षी बघायला निघाली होती आणि तिला कॅमेरा हवा होता. माझ्यात सेल नव्हते, पण फायंडरला सेल लागत नाहीत. ती नुसती काच असते. तिने सहज डोळा लावला.

"आई, हे बघ. तात्या म्हणतात उजवी कड दिसत नाही. मला तर सगळं दिसतंय."

अक्काबाईंनी बघितलं. एकदा माझ्यातून, मग लेकीच्या तोंडाकडे.

संध्याकाळी बाजीराव जेवायला बसले. दिशा पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. उभीच राहिली. त्यांना पत्ता नव्हता. तिने "तात्या" म्हटलं तेव्हा ते दचकले आणि त्यांचा हात लागून तांब्या सांडला.

"कवापासनं?" अक्काबाईंनी विचारलं.

"काय कवापासनं?"

"डोळा."

"डोळं ठणठणीत हायत माजं! तक्त्यावरची अक्षरं खालच्या वळीपत्तुर वाचतो मी. ह्यो कॅमेराच भिकार हाय!"

मी त्यांच्यासमोर चटईवर होतो. माझ्या चारही कडा उघड्या होत्या. मी कधी एवढा मुका नव्हतो.

अक्काबाईंनी वाद घातला नाही. भाकरी वाढत त्या म्हणाल्या, "बरं. मग उद्या दिशाला आन मला तुमच्याच गाडीत घ्या. लेकीला म्होरं बसवा, तुमच्या मागं. चालवा इंदापूरपत्तुर."

बाजीरावांचा हात ताटात थांबला.

"तुमी कशाला उगं..."

"का? रोज सत्तर माणसं बसत्यातच की. त्येंच्यातबी कुणाची तरी लेक आसंल."

बाहेर कुणाची तरी म्हैस रेकत होती. मग बाजीराव भिंतीकडे बघत म्हणाले, "माज्या बानं ह्याच रस्त्याची खडी फोडली. उन्हात बसून, घणानं. त्याच रस्त्यावरनं मी गाडी नेतो तवा लोकं हात करून थांबवत्यात मला. त्या गाडीवरनं उतरलो तर मी कोण गं?"

अक्काबाईंनी बाजीरावांचं ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या.

सकाळी बाजीराव खाकी कपडे घालून डेपोत गेले. गाडी मात्र त्यांनी घेतली नाही. साहेबांसमोर उभं राहून स्वतःच सांगितलं. तिथून ते बारामतीच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा आजार कडेकडेने नजर खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून तक्ता वाचता येतो आणि कुणालाच कळत नाही. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नव्हतं. डाव्या डोळ्यात सुरुवात झाली होती. औषधाचे थेंब रोज घातले तर तो टिकणार होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर तोही हातचा गेला असता.

त्यांना स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काम मिळालं. माइकवरून गाड्या पुकारायच्या. सुरुवातीला ते गाडीत मागे उभे राहून कामावर जायचे, ड्रायव्हरच्या पाठीकडे बघवत नाही म्हणायचे. आता बसून जातात. इंदापूरची गाडी पुकारताना अजून त्यांचा आवाज घोगरा होतो, असं दिशा सांगते.

विकी दिवाळीत आला. काडीने, कापसाने खूप खटपट केली. फोलपट निघालं, पण आतले दाते तुटलेले निघाले. मी असाच राहणार. काचेमागे, अर्ध्यावर.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी आरशाला, दिव्याला, चष्म्याला सारखी नावं ठेवू लागलं तर नुसतं हसू नका. त्याला एक डोळा मिटून बघायला सांगा, मग दुसरा. आम्हा वस्तूंवर आळ आला तर आम्हाला तो नाकारता येत नाही. आळ आम्ही सोसू. माणसाचं नुकसान मात्र भरून येत नाही.

परवा भिमा कंडक्टर घरी आला होता. चहा पिताना त्याची नजर शोकेसकडे गेली. "बाजीराव, ह्यो तुमचा त्योच खराब कॅमेरा न्हवं?"

बाजीरावांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. हल्ली ते असंच बघतात.

"झूम तेवढा त्येचा खराब," ते म्हणाले. "बाकीची खराबी माजी हुती."