कोरडं डोकं

केंद्रप्रमुखांनी तपासणीच्या वहीत ‘प्रयोग यशस्वी’ असं लिहून सही ठोकली. ही सही झालेलीच नाही असं धरून चालूया. कारण अकरा वाजता देवश्री मॅडमच्या टेबलावरचा एकही कागदाचा कपटा जागचा हलत नव्हता.

कंगवा केसांवर घासायचा, कपट्यांजवळ न्यायचा. स्थिर विजेने कपटे उडी मारतात. काल मारत होते. आज साहेब येणार म्हणून वस्तीवरच्या झाडून साऱ्या आयांनी पोरांची डोकी तेलात बुडवून पाठवली होती. मच्छिंद्रचं तर भुवईपर्यंत ओघळलं होतं.

"चिकटला की, मॅडम," कंगवा उंच धरून तो म्हणाला.

"ती वीज नाही. ते खोबरेल आहे."

कल्याण सरांनी घड्याळ पाहिलं. देवश्रीची कंत्राटी नेमणूक मार्चनंतर पुढे चालायची की नाही, हे आज ते केंद्रप्रमुख म्हणून काय शेरा लिहितात त्यावर होतं. तिने फुगा एका डोक्यावर घासून भिंतीला लावला. भिंतीवर तेलाचा गोल उमटवून फुगा सावकाश सरांच्या बुटापाशी येऊन थांबला. सरांनी पाय आत घेतला.

"कोरडं डोकं कुणाचं आहे?" ओढणीला चौथ्यांदा हात पुसत तिने विचारलं.

मच्छिंद्रच म्हणाला, "रेश्माचं. तिची आई ऊस तोडाया गेलीय."

"न्हाई मॅडम," रेश्मा बाकावरूनच म्हणाली. "मी पन चापून बसवलं हुतं. पानी लावून."

"मग?"

"वाळलं."

देवश्रीने तिच्या केसांतून कंगवा फिरवला. चरचर आवाज झाला. कपट्यांवर कंगवा धरायच्या आतच पाच-सहा कपटे उडून त्याला लटकले. पोरांनी बाकं बडवली. सर खुर्चीतून अर्धे उठले.

रेश्मा दोन्ही तळव्यांनी केस खाली दाबत होती. ते पुन्हा उभे राहत होते.

"चुलत्याला तेल लावता येत न्हाई," ती हळूच म्हणाली.

आता ती सही झाली. सरांनी वही देवश्रीपुढे सरकवली.

"मागणीच्या रकान्यात तुमच्या नेमणुकीचं लिहा. मी शिफारस जोडतो."

देवश्रीने पेन घेतलं. दोनदा टोपण लावलं, काढलं. मग लिहिलं:

‘ऊसतोडीस गेलेल्या कु. रेश्मा हिच्या आईस, मुलीच्या डोक्याला तेल लावणेकामी, आठवड्यातून एक दिवस जाण्यायेण्याच्या भाड्यासह रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’